रोगाचे मूळ, घराण्याचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. पण व्यवहारात कुळाची चौकशी केल्यावाचून आपले पान हलत नाही. सोयरीक जमवायची तर आपण दोन्ही घराण्यांची माहिती काढतो. खोंड घ्यायचा तर त्याचा वळू कोणता, गाय कोणाच्या दावणीची, हे विचारतो. त्र्यंबकेश्वरी गेलो की तीर्थोपाध्याय चोपडी काढून पणजोबाचे नाव वाचून दाखवतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांत हेळवी येतो आणि घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतो. अशा वंशावळीत नावे असतात, गावे असतात. कोण कोणत्या दुखण्याने गेले, हे मात्र बहुधा नसते. खरे तर तीच माहिती कधीकधी नातवंडांच्या उपयोगी पडायची असते.

मेंदूच्या एका आनुवंशिक रोगाचे मूळ शोधण्यासाठी माणसांनी काय काय केले, त्याची हकीकत या लेखात आहे. ती घडली अमेरिकेत आणि व्हेनेझुएला या दूरच्या देशात. पण तिच्यातून घ्यायचा धडा आपल्या घरालाही लागू पडतो.

हा रोग कोणता?

या रोगाला हंटिंग्टनचा रोग म्हणतात. तो बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान डोके वर काढतो. सुरुवातीला कोणाच्या लक्षातही येत नाही. हातातली वस्तू सुटते, माणूस चिडचिडा होतो, कामात लक्ष लागत नाही, उदास बसून राहतो. पुढे हातपाय, मान, चेहरा आपोआप हलू लागतात. माणूस नाचल्यासारखा हेलकावे खात चालतो आणि बघणाऱ्याला वाटते की हा पिऊन आला आहे. मग बोलणे अडखळते, घास गिळता येत नाही, अंग वाळत जाते आणि बुद्धीही मंदावते. साधारण पंधरा ते वीस वर्षे ही फरफट चालते. काही जण तर कंटाळून जीव देतात.

सगळ्यात वाईट गोष्ट रोग सुरू होण्याच्या वयाची. रोग दिसू लागतो तोवर माणसाचे लग्न झालेले असते, पदरी मुले असतात. म्हणजे वारसा देऊन झाल्यावर वारसा काय दिला ते कळते.

तीन पिढ्यांचे डॉक्टर

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड नावाचे बेट आहे. तिथल्या ईस्ट हॅम्प्टन गावी एबेल हंटिंग्टन नावाचे डॉक्टर १७९७ साली येऊन राहिले. त्यांचा मुलगा डॉक्टर झाला आणि नातू जॉर्ज हाही डॉक्टर झाला. जॉर्ज लहान असताना वडिलांबरोबर गाडीतून रोग्यांकडे जात असे. अशाच एका फेरीत रस्त्याने येणाऱ्या दोन उंच, कृश स्त्रिया त्याला दिसल्या. त्या मायलेकी होत्या. दोघी सारख्या वाकत होत्या, अंग पिळत होत्या, चेहरे वेडेवाकडे करीत होत्या. ते दृश्य त्याच्या मनातून कधी गेले नाही.

१८७२ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, जॉर्ज हंटिंग्टनने या रोगावर एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. त्याने तीन गोष्टी ठामपणे मांडल्या. हा रोग घराण्यात चालतो. यात वेड लागण्याकडे आणि आत्मघाताकडे कल असतो. आणि तो मोठ्या वयातच जोर करतो. आणखी एक फार मोलाची गोष्ट त्याने सांगितली. आईला किंवा बापाला रोग असूनही एखादे मूल आयुष्यभर त्यातून सुटले, तर त्या मुलाच्या पुढच्या पिढ्याही सुटतात. मध्ये एक पिढी सोडून रोग परत उगवत नाही.

वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचे काम १८६६ साली छापले गेले होते, पण १९०० सालापर्यंत त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. तरुण हंटिंग्टनजवळ असला कुठलाच शास्त्रीय आधार नव्हता. त्याच्याजवळ होत्या आजोबांच्या आणि वडिलांच्या नोंदी. एकाच गावातली तीच घराणी तीन पिढ्यांच्या डॉक्टरांनी पाहिली होती, म्हणून हे उमगले. एकट्याच्या हयातीत ते दिसले नसते.

शोध चुकला तेव्हा

हंटिंग्टनने असेही लिहून ठेवले आहे की, ज्या घरात हा रोग होता तिथली माणसे त्याचे नावसुद्धा घेत नसत. ही भीती पुढे खरी ठरली.

विसाव्या शतकात अमेरिकेतील काही विद्वानांनी या रोगाची मुळे शोधायला घेतली, पण त्यांच्या मनात आधीच एक कल्पना पक्की होती. माणसांचीही निवड करून 'चांगले वाण' राखावे आणि 'वाईट वाण' खुडून टाकावे, अशी ती कल्पना. चार्ल्स डेव्हनपोर्ट हा या पंथाचा पुढारी. त्याने १९१६ साली या रोगाच्या घराण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि अशांना मुले होऊ देऊ नयेत, असा सूर लावला. १९३२ साली व्हेसी नावाच्या डॉक्टराने आणखी पुढे मजल मारली. इंग्लंडच्या सफोक परगण्यातील ब्यूर्स गावाहून १६३० साली जहाजाने अमेरिकेला गेलेल्या तीन माणसांपासून हा रोग तिकडे पसरला, आणि त्यांच्या वंशातल्या काही स्त्रियांना चेटकिणी म्हणून छळले गेले, अशी मांडणी त्याने केली. गोष्ट चटकदार होती. पुस्तकापुस्तकांतून ती वर्षानुवर्षे छापली गेली.

पुढे १९६० नंतरच्या काळात अभ्यासकांनी जुनी दप्तरे पुन्हा तपासली, तेव्हा या वंशावळीतले कितीतरी दुवे कच्चे निघाले. नावे जुळवून नाती लावलेली होती. पण तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. चेटकिणींचे वंशज, वाईट रक्ताची माणसे, असा शिक्का घराण्यांवर बसला. तिकडे जर्मनीत हिटलरच्या राजवटीने १९३३ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्यातल्या रोगांच्या यादीत या रोगाचे नाव होते.

परिणाम काय झाला? लोकांनी रोग लपवला. आजोबा 'अपघाताने' गेले, आत्या 'दूरगावी' राहते, असे मुलांना सांगण्यात येऊ लागले. जे लपवले ते पुढच्या पिढीला कळले नाही, आणि तिने अंधारातच संसार मांडले. म्हणजे दोषी शोधायला निघालेल्यांनी रोग कमी केला नाहीच, उलट त्याचा माग तेवढा पुसून टाकला.

सरोवरकाठची माणसे

आता दुसऱ्या तऱ्हेचा शोध पाहू. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला देश आहे. तिथे माराकाइबो नावाचे प्रचंड सरोवर आहे. काठाला मासेमारी करणाऱ्या गरीब लोकांची वस्ती. काही वाड्या तर पाण्यात खांब रोवून त्यावर बांधलेल्या. १९५० नंतरच्या दशकात आमेरिको नेग्रेत्ते नावाचे तरुण डॉक्टर त्या भागात काम करीत होते. रस्त्यात झोकांड्या खाणारी माणसे पाहून त्यांना ती दारुडी वाटली. गावकऱ्यांनी सांगितले की ही दारू नव्हे, हे आमच्याकडचे घराण्यातले दुखणे आहे. डॉक्टरांनी गावकऱ्यांचे ऐकून घेतले, घरोघर जाऊन नोंदी केल्या आणि १९५५ साली हा हंटिंग्टनचाच रोग असल्याचे पुस्तक लिहून मांडले. पुढे १९७२ साली, हंटिंग्टनच्या लेखाला शंभर वर्षे झाली म्हणून अमेरिकेत ओहायो राज्यात परिषद भरली, तिथे त्यांच्या एका शिष्याने या रोग्यांचा चित्रपट दाखवला. एका भागात, एका वंशात एवढे रोगी पाहून जमलेले डॉक्टर थक्क झाले.

याच सुमारास अमेरिकेत नॅन्सी वेक्सलर ही तरुणी या प्रश्नात उतरली होती. तिची आई लिओनोर हिला १९६८ साली हा रोग असल्याचे कळले. १९७८ साली ती वारली. लिओनोरचे वडील आणि भाऊही याच रोगाने गेले होते. नॅन्सीचे वडील मिल्टन यांनी दोन्ही मुलींना बसवून सारे खरे सांगितले आणि त्याच वर्षी या रोगाच्या संशोधनासाठी एक संस्था काढली. दडपादडपीचा रिवाज त्या घराने असा मोडला.

नॅन्सी १९७९ साली प्रथम माराकाइबोला गेली आणि १९८१ पासून दरवर्षी डॉक्टर, परिचारिका यांची तुकडी घेऊन जाऊ लागली. काम म्हटले तर साधे, म्हटले तर महाकठीण. प्रत्येक घरी जायचे. तुमचे आईबाप कोण, आजी-आजोबा कोण, मुले किती, कोणाला दुखणे होते, कोणत्या वयात सुरू झाले, हे विचारायचे. रोग्यांना तपासायचे. आणि रक्ताचा नमुना मागायचा, रोग्याचाही आणि चांगल्या नातेवाइकाचाही.

लोक साहजिकच बिचकले. परक्या देशातल्या या लोकांना आमचे रक्त कशाला हवे? तेव्हा सोबतच्या परिचारिकेने नॅन्सीचा दंड धरून सगळ्यांना दाखवला. कातडीचा नमुना दिल्याचा व्रण त्यावर होता. हिच्या आईलाही तोच रोग होता आणि हिनेही स्वतःचा नमुना दिला आहे, हे कळल्यावर माणसे पुढे आली. विश्वास बसायला औषधापेक्षा नाते कामी आले.

आधी तालुका, मग घर

एवढ्या मोठ्या कुटुंबाची गरज कशासाठी? आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून, एक वडिलांकडून येते. या सूत्रांवर हजारो जनुके असतात. त्यातले बिघडलेले जनुक कोणते, हे शोधणे म्हणजे पत्त्यावाचून देशभर एक घर शोधण्यासारखे. शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. गुणसूत्रावर ठिकठिकाणी काही खुणा असतात. ज्यांना रोग आहे त्यांच्यात एखादी खूण सारखी आढळली आणि ज्यांना रोग नाही त्यांच्यात आढळली नाही, तर बिघडलेले जनुक त्या खुणेच्या शेजारीच असणार. पण हा ताळा पटायला एकाच वंशातली पुष्कळ माणसे लागतात, आणि कोण कोणाचा मुलगा हे बिनचूक माहीत असावे लागते. माराकाइबोच्या वंशावळीने हे दोन्ही पुरवले.

बोस्टनला जेम्स गसेला यांच्या प्रयोगशाळेत हे नमुने तपासले गेले आणि १९८३ साली जाहीर झाले की ही जागा चौथ्या गुणसूत्रावर आहे. तालुका सापडला. मात्र घर सापडायला आणखी दहा वर्षे गेली. सहा संशोधक गटांनी मिळून काम केले आणि १९९३ साली ते जनुक हाती लागले.

बिघाड असा की, या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. तो प्रत्येकातच असतो. बहुतेकांत त्याची संख्या सव्वीस किंवा त्याहून कमी असते आणि काही बिघडत नाही. ती चाळीस किंवा त्याहून अधिक झाली की, माणूस पुरेसे जगला तर रोग होतोच. छत्तीस ते एकोणचाळीस असली तर होईल किंवा नाही. संख्या जितकी मोठी तितका रोग साधारणतः लवकर येतो. पिढी बदलताना, विशेषतः बापाकडून मुलाकडे येताना, ही संख्या कधीकधी वाढते.

मग मूळ कोठे निघाले?

२००४ साली या कामाचा मोठा गोषवारा प्रसिद्ध झाला. तोवर वंशावळीत १८,१४९ माणसे आली होती आणि दहा पिढ्या जोडल्या गेल्या होत्या. सर्वांत मोठ्या शाखेचे धागे मागे मागे नेले, तेव्हा ते एका बाईपाशी पोचले. तिचे नाव मारिया कॉन्सेप्सिऑन सोतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती त्या सरोवरकाठी राहत होती.

पण जगभरच्या रोग्यांचे मूळ काही तिच्यापाशी पोचत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत हा रोग जास्त, जपानसारख्या देशात फार कमी. युरोपातून माणसे बाहेर गेली तसा तो बऱ्याच देशांत गेला. भारतातही या रोगाची कुटुंबे आहेत. शिवाय सत्तावीस ते पस्तीस पुनरावृत्ती असलेला माणूस स्वतः निरोगी असतो, पण त्याच्या मुलात ती संख्या वाढून रोग नव्यानेही सुरू होऊ शकतो. म्हणजे या वेलीची मुळे अनेक जागी आहेत. एका गावावर, एका जातीवर, एका बाईवर बोट ठेवण्यात काही अर्थ नाही. मारिया कॉन्सेप्सिऑनचे नाव आज शास्त्रज्ञ आदराने घेतात. तिच्या लेकरांच्या लेकरांनी रक्त दिले, म्हणून जगाला ते जनुक सापडले.

आणि त्या लोकांना काय मिळाले? १९९९ साली माराकाइबोला रोग्यांसाठी एक सेवागृह उघडले गेले, पुढे तेही बंद पडले. सरोवरकाठची ती कुटुंबे गरीबच राहिली. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी दक्षिण अमेरिकेतील अशा कुटुंबांना व्हॅटिकनला बोलावून भेट दिली आणि हा रोग यापुढे लपवायचा नाही, असा संदेश दिला. नॅन्सी वेक्सलर यांनी २०२० साली जाहीर केले की त्यांनाही हाच रोग आहे. रोग मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. अंगाची हालचाल आणि उदासी कमी करणारी औषधे आहेत. मेंदूत थेट सोडायच्या एका जनुक-उपचाराने रोगाचा वेग बराच मंदावल्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. ती चाचणी थोड्याच रोग्यांवरची आहे, पण आशेला जागा झाली आहे.

आपल्या घरात काय करावे?

वाचकहो, आपल्याकडे एकाच घरात दोघा-तिघांना असे दुखणे झाले की पहिले बोट बहुधा सुनेकडे जाते. ती आली आणि घराला ग्रहण लागले, असे म्हणतात. मग बाहेरचे पाहणे, नवस, उतारे. त्यात कोंबडी-बोकड जाते, मग एखादा बैल जातो, कधी जमिनीचा तुकडाही जातो. कोणी करणी केली असे म्हणून भावकीतल्या एखादीवर आळ येतो. ब्यूर्सच्या गोष्टीतल्या चेटकिणी आणि आपल्याकडची ही करणी, दोन्ही एकाच पेंडीतल्या. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आळ घेऊन छळणे गुन्हा ठरवले आहे.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक. हंटिंग्टनच्या रोगात आई किंवा वडील यांपैकी कोणा एकाला तो असला, तर प्रत्येक मुलाला तो येण्याचा संभव निम्मा असतो. मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखाच. प्रत्येक खेपेला नाणे नव्याने उडते. पहिल्या दोघांना आला म्हणून तिसरा सुटला, असा हिशेब नाही. ज्याला ते जनुक मिळाले नाही, त्याच्या मुलांना भय नाही.

दोन. हात थरथरले की हाच रोग, असे मुळीच समजू नये. घशाच्या संसर्गानंतर काही मुलांचे हातपाय असे नाचल्यासारखे हलतात, ते बहुधा बरे होतात. शरीरात तांबे साठण्याचा एक आनुवंशिक रोग आहे, त्यातही अशी लक्षणे दिसतात आणि वेळेवर औषध मिळाले तर तो आटोक्यात राहतो. काही औषधांनीही असे होते. म्हणून जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदू व मज्जाविकारांच्या डॉक्टरांना दाखवावे. निदान उशिरा झाले तर बरा होणारा रोगही हातचा जातो.

तीन. सगळे आनुवंशिक रोग एकाच चालीचे नसतात. तांब्याच्या या रोगात आईबाप दोघेही निरोगी असतात, पण दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच मुलाला रोग होतो. मामाच्या मुलीशी लग्न केले तर असे दोन सारखे जनुक एकत्र येण्याचा संभव वाढतो. घरात असे दुखणे असेल तर नात्यात लग्न ठरवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

चार. घरातल्या वहीत तीन पिढ्यांची दुखणी लिहून काढावीत, आईकडची आणि वडिलांकडची दोन्ही. कोणाला काय झाले, कितव्या वर्षी सुरू झाले, किती वर्षे चालले, कितव्या वर्षी वारले. ऐकीव असेल तर 'ऐकीव' म्हणून लिहावे. दारू पीत होता, वेडा झाला होता, विहिरीत पडला, असे ज्यांच्याविषयी सांगतात त्यांची नोंद तर आवर्जून करावी. घरातल्या आजीला विचारण्यात उशीर करू नये, तिला आठवते ते पुढे कोणालाच आठवणार नाही. ही वही डॉक्टरांना दाखवावी, चावडीवर वाचू नये.

पाच. आज रक्ताच्या तपासणीने हे जनुक आहे की नाही ते आधीच कळू शकते. पण ती तपासणी करून घ्यायची की नाही, हे ज्याचे त्याने जाणतेपणी ठरवायचे असते. उपाय नसताना पुढचे सांगणारे उत्तर सगळ्यांनाच पेलत नाही. कितीतरी जाणती माणसे ती करून घेत नाहीत, त्यांना भित्रे म्हणू नये. लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलांची तपासणी तर करूच नये. आणि लग्न मोडण्यासाठी किंवा सून घालवण्यासाठी कोणावर ती लादू नये. तपासणीच्या आधी आणि नंतर समजावून सांगणारा जाणकार डॉक्टर मात्र अवश्य गाठावा.

सहा. घरात रोगी असेल तर त्याच्याशी हिडीसफिडीस करू नये. त्याचा राग, त्याचे अडखळणे हा रोगाचाच भाग आहे. त्याला पौष्टिक आणि गिळायला सोपे अन्न दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. पडझड होऊ नये म्हणून वाटेतल्या वस्तू काढाव्यात. विहीर, कीटकनाशकांची औषधे यांपासून त्याला जपावे. आणि जी सून किंवा लेक हे सारे उरकते, तिलाही आठवड्यातून एखादा दिवस उसंत द्यावी.

बियाणे निवडताना आपण कमअस्सल दाणा बाजूला टाकतो, ते शेतात ठीक आहे. माणसाच्या घराण्यात टाकून देण्यासारखे कोणीच नसते. पूर्वजांचे दुखणे लिहून ठेवायचे ते पुढच्या लेकराला सावध करण्यासाठी. तेव्हा या दिवाळीला सगळी भावंडे जमतील, त्या वेळी एक कोरी वही घेऊन आजीजवळ बसा.